चार दिवसांसाठी बिनतारी जाळे

एखाद्या तांत्रिक परिषदेची तयारी म्हटली, की सभागृह, निवास, भोजन, ध्वनिक्षेपक आणि वीजपुरवठा यांचा विचार प्रथम होतो. गेल्या दोन-अडीच दशकांत या यादीत आणखी एका बाबीची भर पडली आहे. ती म्हणजे परिषदेपुरते उभारावयाचे बिनतारी जाळे. प्रतिनिधी आता कागदांच्या चळती घेऊन येत नाहीत. निबंध, आकृत्या, प्रात्यक्षिके आणि टिपणे हे सारे त्यांच्या संगणकात व भ्रमणध्वनीत साठविलेले असते, आणि त्यातील बरेचसे तर दूरच्या एखाद्या संगणकावर असते. जाळे अडले, की व्याख्यान अडते. सहा महिने खपून तयार केलेले प्रात्यक्षिक मिळालेल्या पंधरा मिनिटांत दाखविता आले नाही, तर ती पंधरा मिनिटे पुन्हा मिळत नाहीत.

मोठमोठ्या संस्थांनाही ही अडचण चुकलेली नाही. ७ जून २०१० रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे अ‍ॅपल कंपनीच्या वार्षिक परिषदेत स्टीव्ह जॉब्स नव्या आयफोनचे प्रात्यक्षिक दाखवीत होते. ऐन वेळी पडद्यावरील पृष्ठ उघडेनासे झाले. सभागृहात त्या वेळी ५७० बिनतारी केंद्रे चालू असल्याचे त्यांनी व्यासपीठावरूनच सांगितले आणि श्रोत्यांना आपापली उपकरणे बंद करण्याची विनंती केली. यातील बरीचशी केंद्रे श्रोत्यांनीच खिशातून आणलेली होती. साधनांची तेथे वाण नव्हती; हवेतील वाट मात्र अपुरी पडली. ही वाट अपुरी का पडते आणि ती पुरवून वापरण्यासाठी काय करावे लागते, हे समजले म्हणजे अशा जाळ्याच्या नियोजनाचे बहुतेक मर्म हाती येते.

एक वाट, अनेक वाटसरू

तारेने जोडलेल्या प्रत्येक संगणकाला स्वतःची वेगळी तार असते. बिनतारी जोडणीत तसे नसते. भिंतीवर किंवा छताला लावलेले छोटे यंत्र, ज्याला अ‍ॅक्सेस पॉइंट असे म्हणतात व ज्याचा उल्लेख येथे बिनतारी केंद्र असा केला आहे, ते आणि त्याच्याशी जोडलेली सर्व उपकरणे एकाच वारंवारतेवर बोलत असतात. एका वेळी एकानेच बोलावयाचे, इतरांनी थांबावयाचे, हा तेथील नियम होय. दोघे एकदम बोलले, की दोघांचेही बोलणे वाया जाते.

या पद्धतीचे मूळ हवाई विद्यापीठातील एका प्रयोगात सापडते. नॉर्मन अ‍ॅब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये ‘अलोहा’ नावाचे जाळे सुरू करून हवाई बेटांवरील संगणकस्थानके रेडिओलहरींनी जोडली. ज्याला संदेश पाठवावयाचा त्याने तो सरळ पाठवावा. पोच आली नाही तर थोड्या वेळाने पुन्हा पाठवावा, अशी ती साधी रीत होती. या रीतीत संदेशांच्या टकरी इतक्या होतात, की वाटेच्या एकूण क्षमतेपैकी फार तर १८ टक्के उपयोगात येते, असे गणिताने दिसून आले.

वायफायचे पहिले प्रमाण १९९७ मध्ये निश्चित झाले. त्यात प्रत्येक उपकरण बोलण्यापूर्वी कानोसा घेते. वाट मोकळी दिसली, तरी लगेच न बोलता काही क्षण यदृच्छेने थांबते आणि मगच माहितीचे एक छोटे पुडके, म्हणजे पॅकेट, पाठविते. पोच न आल्यास पूर्वीपेक्षा अधिक थांबून पुन्हा प्रयत्न करते. घरातील चार-पाच उपकरणांसाठी ही शिस्त उत्तम चालते. परंतु एकाच दालनात तीनशे माणसे आणि प्रत्येकाजवळ दोन उपकरणे असली, की थांबण्यात व पुन्हा पाठविण्यातच वेळ जाऊ लागतो. शिवाय दालनाच्या दोन टोकांना बसलेल्या दोघांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही, केंद्राला मात्र दोघांचेही ऐकू जाते. अशा वेळी दोघेही वाट मोकळी आहे असे समजून एकदम बोलतात आणि टक्कर होते.

मिनियापोलिस येथील निरीक्षणे

गर्दीतील बिनतारी जाळे प्रत्यक्षात कसे वागते, याचा चांगला अभ्यास मार्च २००५ मध्ये झाला. इंटरनेटची तांत्रिक प्रमाणे तयार करणारी ‘इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स’ ही संस्था १९८६ पासून कार्यरत आहे. तिच्या सभा वर्षातून तीनदा निरनिराळ्या शहरांत भरतात आणि प्रत्येक सभेसाठी स्वतंत्र जाळे उभारून सभा संपताच ते उतरविले जाते. २००५ मधील मिनियापोलिस येथील सभेस अकराशेहून अधिक प्रतिनिधी उपस्थित होते. त्यांच्यासाठी लागोपाठच्या तीन मजल्यांवर ३८ बिनतारी केंद्रे बसविली होती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील संशोधकांनी या जाळ्यावरील संदेशांची नोंद घेतली.

त्यांना आढळले ते असे. वाट जसजशी अधिक वापरली जाते, तसतसे प्रथम कामही वाढते. सुमारे ८४ टक्के वेळ व्यापला जाईपर्यंत हा क्रम टिकतो. त्यापुढे मात्र वाट अधिकाधिक व्यापलेली दिसत असूनही प्रत्यक्ष पोचणारी माहिती कमी होत जाते. गर्दी वाढल्यावर जाळे केवळ संथ होत नाही. ते पूर्वी करीत होते तेवढेही काम करीनासे होते.

याचे कारण उपकरणांच्या एका सवयीत आहे. पोच आली नाही, की आपण केंद्रापासून दूर आहोत असा बहुतेक उपकरणांचा समज होतो आणि संदेश नीट पोचावा म्हणून ती सावकाश बोलू लागतात. एकांतात ही सवय योग्यच आहे. गर्दीत मात्र पोच न येण्याचे खरे कारण अंतर नसून टक्कर हे असते. सावकाश बोलल्याने वाट अधिक वेळ अडते, टकरी वाढतात, आणि मग आणखी सावकाश बोलणे सुरू होते.

या सावकाश बोलण्याची किंमत साध्या हिशेबाने कळू शकते. त्या वेळच्या प्रमाणानुसार उपकरणे सेकंदाला १ ते ११ मेगाबिट या गतीने बोलू शकत. १,५०० बाइटचे, म्हणजे १२,००० बिटांचे एक पॅकेट ११ मेगाबिट गतीने पाठविण्यास सुमारे १.१ मिलिसेकंद लागतात; तेच १ मेगाबिट गतीने पाठविण्यास १२ मिलिसेकंद लागतात. एका मंद उपकरणाने एक संदेश पाठविला, तेवढ्या वेळात जलद उपकरणांचे दहा-अकरा संदेश गेले असते. म्हणजे कोपऱ्यातील एका संगणकाची अडचण साऱ्या दालनाची अडचण बनते. यास्तव परिषदेच्या जाळ्यात केंद्रांवरील अगदी कमी गती मुद्दाम बंद ठेवाव्या, अशी पद्धत पडली आहे. फार जुनी उपकरणे त्यामुळे जोडली जात नाहीत, हे खरे; परंतु बाकीची उपकरणे जवळचे केंद्र शोधतात आणि सर्वांचेच काम सुरळीत होते.

जोर कमी, केंद्रे अधिक

जाळे अडले की अधिक शक्तीचे यंत्र आणावे, असे स्वाभाविकपणे वाटते. सभागृहातील गर्दीच्या बाबतीत हा उपाय उलटतो. केंद्राचा आवाज वाढविला, तर तो अधिक दूर जातो आणि तितक्या दूरच्या उपकरणांनाही थांबावे लागते. एखाद्या वर्गात पन्नास जोड्या बोलत असताना प्रत्येकाने आवाज चढविला तर कोणालाच काही ऐकू येत नाही. सर्वांनी हलक्या आवाजात बोलले तर पन्नासही संभाषणे चालतात. म्हणून केंद्रे अधिक बसवावयाची आणि प्रत्येकाची शक्ती कमी ठेवावयाची, हे नियोजनाचे मुख्य सूत्र आहे.

शेजारच्या केंद्रांनी एकमेकांना अडवू नये म्हणून त्यांना वेगवेगळ्या वाहिन्या द्याव्या लागतात. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात वाहिन्यांना क्रमांक पुष्कळ दिलेले असले, तरी एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच मिळतात : १, ६ आणि ११. वाहिनी ३ किंवा ४ निवडून गर्दी टाळता येईल असे वाटते, पण प्रत्यक्षात तिने दोन्ही बाजूंच्या वाहिन्यांत व्यत्यय येतो. याच पट्ट्यात ब्लूटूथची उपकरणे आणि मायक्रोवेव्ह भट्ट्याही वावरत असतात. भोजनगृहाला लागून असलेल्या दालनात जेवणाच्या सुमारास जाळे अडखळू लागले, तर त्याचे कारण या भट्टीत सापडू शकते.

५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात परिस्थिती पुष्कळच बरी आहे. तेथे २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या सुमारे दोन डझन वाहिन्या मिळू शकतात. समजा, एका दालनात ६०० उपकरणे असून एका केंद्राने ५० उपकरणे सांभाळावयाची आहेत. याचा अर्थ १२ केंद्रे हवीत. २.४ गिगाहर्ट्झमध्ये ही बारा केंद्रे तीन वाहिन्यांत बसवावी लागतील, म्हणजे चार-चार केंद्रे एकच वाट वाटून घेतील आणि केंद्रे वाढवूनही लाभ होणार नाही. ५ गिगाहर्ट्झमध्ये मात्र प्रत्येकाला स्वतंत्र वाहिनी देता येते. चार वाहिन्या एकत्र जोडून ८० मेगाहर्ट्झची रुंद वाट करण्याची सोय नव्या यंत्रांत असते. घरात ती उपयोगी पडते. परिषदेत तिने वाहिन्यांची संख्या एक-चतुर्थांशावर येते, म्हणून ती टाळलेली बरी. या पट्ट्यातील काही वाहिन्या रडारही वापरतात. रडारचा संकेत आढळताच केंद्राला ती वाहिनी सोडावी लागते. विमानतळ किंवा हवामान-रडार जवळ असल्यास हे आधीच ध्यानात घ्यावयास हवे.

आणखी एक बाब सहसा नजरेत येत नाही. प्रत्येक केंद्र आपल्या जाळ्याचे नाव सेकंदाला सुमारे दहा वेळा पुकारीत असते, आणि ही पुकार मंद गतीने केलेली असते. १ मेगाबिट गतीने अशा एका पुकारीला सुमारे २ मिलिसेकंद लागतात. प्रतिनिधी, वक्ते, आयोजक, पत्रकार आणि प्रायोजक अशी पाच वेगळी नावे ठेवली, तर एकाच केंद्राच्या पुकारीत वाटेचा दहावा हिस्सा खर्ची पडतो. त्याच वाहिनीवरील तीन केंद्रे एकमेकांना ऐकू येत असतील, तर जवळजवळ तिसरा हिस्सा गेला असे समजावे. नावे दोन-तीनच असावीत, ती याचसाठी.

रिकामे दालन आणि भरलेले दालन

जागेची पाहणी परिषदेपूर्वी काही आठवडे केली जाते. भिंती कशाच्या आहेत, छत किती उंच आहे, खांबांत लोखंड किती आहे, शेजारी कोणती जाळी चालू आहेत, याची नोंद नकाशावर करतात. परंतु ही पाहणी रिकाम्या दालनात होते, आणि परिषद भरलेल्या दालनात होते. मानवी शरीरात पाण्याचे प्रमाण मोठे असल्याने या लहरी त्यात शोषल्या जातात. रिकाम्या दालनात टोकापर्यंत पोचणारा संकेत माणसे बसल्यावर क्षीण होतो. अनुभवी तंत्रज्ञ या अडचणीचाच उपयोग करून घेतात. केंद्रे उंच छतावर लावण्याऐवजी ती आसनांच्या पातळीवर ठेवली, की माणसांची गर्दीच दोन केंद्रांमध्ये पडद्यासारखे काम करते आणि तीच वाहिनी थोड्या अंतरावर पुन्हा वापरता येते.

किती माणसे येणार यापेक्षा ती काय करणार, हेही पाहावे लागते. ऑगस्ट २००१ मध्ये सॅन दिएगो येथील संगणकशास्त्राच्या एका परिषदेत चार केंद्रे व १९५ वापरकर्ते यांची पाहणी झाली. केंद्रावरील भार त्याच्याशी जोडलेल्या माणसांच्या संख्येवर सरळ अवलंबून नसतो, असे तीत दिसून आले. थोडेच वापरकर्ते मोठा भार टाकतात. प्रात्यक्षिकांचे दालन, जेथे मोठ्या प्रमाणावर माहितीची देवघेव होते, त्याची तरतूद त्यामुळे स्वतंत्रपणे करावी लागते. व्यासपीठावरील संगणकाला तर तारेचीच जोडणी द्यावी. जे हलत नाही ते तारेवर ठेवले, की हवेतील वाट हलणाऱ्यांसाठी मोकळी राहते.

बिनतारीमागील तारा

बिनतारी म्हटले, तरी जाळ्यातील केवळ शेवटचे काही मीटर तारेविना असतात. प्रत्येक केंद्रापर्यंत तार न्यावी लागते आणि ती १०० मीटरपेक्षा लांब चालत नाही. २००३ मध्ये ठरलेल्या एका प्रमाणामुळे याच तारेतून केंद्राला वीजही देता येते. त्यामुळे खांबाखांबावर विजेची सोय करावी लागत नाही. तारा दारांतून व वाटांवरून जातात तेथे त्या चिकटपट्टीने किंवा रबरी पट्टीने झाकणे आवश्यक आहे. पाय अडकून माणूस पडणे हे जाळे बंद पडण्यापेक्षा वाईट.

परिषदस्थानापासून बाहेर जाणारी जोडणी शक्यतो दोन वेगळ्या मार्गांनी असावी. दोन कंपन्यांची सेवा घेतली, पण दोघींच्याही तारा एकाच चरातून आल्या, तर रस्ता खोदणारे एक यंत्र दोन्ही तोडू शकते. आतील सर्व यंत्रणेसाठी बॅटरीचा आधारही लागतो. वीज क्षणभर गेली तरी यंत्रे पुन्हा सुरू होण्यास काही मिनिटे घेतात.

जाळ्यात येणाऱ्या प्रत्येक उपकरणाला एक अंकी पत्ता मिळतो. लहान जाळ्यात असे पत्ते २५४ असतात. ६०० प्रतिनिधींची १,२०० उपकरणे तेथे आली, तर २५५ व्या उपकरणाला संकेत पूर्ण दिसतो, पण काम काहीच होत नाही. आणि दोष मात्र हवेला दिला जातो. ४,०९४ पत्त्यांची तरतूद केल्याने हा प्रश्न मिटतो. पत्ता दिवसभरासाठी न देता तासाभरासाठी दिला, तर निघून गेलेल्या पाहुण्याचा पत्ता दुसऱ्याच्या उपयोगी पडतो.

दार किती उघडे असावे

पाहुण्यांना जोडणी चटकन मिळावी आणि तिचा गैरवापरही होऊ नये, या दोन्ही गोष्टी साधावयाच्या असतात. या बाबतीत महाराष्ट्राला एक कटू अनुभव आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद येथे बाँबस्फोट झाले. त्यापूर्वी काही मिनिटे प्रसारमाध्यमांकडे आलेल्या ई-मेलचा माग नवी मुंबईतील एका घरापर्यंत लागला. तेथील वायफाय जोडणीला कोणतेही संरक्षण नव्हते आणि बाहेरच्या व्यक्तीने तिचा वापर केल्याचे पुढे आले. या पार्श्वभूमीवर २००९ मध्ये केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाने वायफाय जोडण्यांच्या सुरक्षित वापराबाबत सूचना दिल्या. सेवा देणाऱ्या कंपनीशी आधीच बोलून वापरकर्त्याची ओळख कशी पटवावयाची व नोंदी कशा ठेवावयाच्या, हे आयोजकांनी निश्चित करून घ्यावे.

सर्वांसाठी एकच परवलीचा शब्द फळ्यावर लिहिण्याची रीत सोयीची असली, तरी अपुरी आहे. २००४ पासून प्रचलित असलेल्या संरक्षणपद्धतीत तो शब्द ठाऊक असलेला माणूस जोडणीचा आरंभ टिपून दुसऱ्याचे संदेश उलगडू शकतो. प्रत्येक प्रतिनिधीला नोंदणीबरोबर स्वतंत्र नाव व शब्द दिल्यास प्रत्येकाच्या संभाषणाची किल्ली वेगळी राहते. २०१८ मध्ये आलेल्या नव्या पद्धतीत समाईक शब्द वापरूनही हा दोष दूर झाला आहे, मात्र सर्व उपकरणांना ती पद्धत चालत असली पाहिजे.

पूर्वी आपल्या देशात बिनतारी यंत्रणेसाठी परवाना घ्यावा लागे. जानेवारी २००५ मधील अधिसूचनेने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवान्यातून मुक्त झाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील विस्तृत भाग खुला करण्यात आला. यंत्रे मात्र मान्यताप्राप्त असावी लागतात. परवान्यातून मिळालेल्या या मोकळिकीबरोबर एक मर्यादाही येते : शेजाऱ्याच्या यंत्राचा व्यत्यय आला, तर संरक्षण मागण्याचा हक्क राहत नाही. यामुळे सभागृहाचे व्यवस्थापन, प्रदर्शनातील दालने आणि प्रतिनिधी यांच्याशी वाहिन्यांबाबत आधी समजूत करून घेणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. भ्रमणध्वनीवरून स्वतःचे जाळे सुरू करू नये, ही विनंती निमंत्रणपत्रिकेबरोबरच पाठवावी. जाळे चांगले चालले, तर ती पाळलीही जाते.

परिषदेचे दिवस आणि त्यानंतर

उभारणी किमान एक दिवस आधी पूर्ण व्हावी आणि दालनात स्वयंसेवक बसवून एकाच वेळी शंभर-दोनशे उपकरणे जोडून पाहावीत. परिषद चालू असताना एका व्यक्तीने वाट किती व्यापली आहे, पत्ते किती उरले आहेत आणि कोणत्या केंद्रावर गर्दी आहे, यावर नजर ठेवावी. मदतकक्षात आलेली प्रत्येक तक्रार वेळ व जागेसह लिहून ठेवावी. ‘जाळे चालत नाही’ या वाक्याने काहीच कळत नाही. ‘सव्वाअकरा वाजता, तिसऱ्या रांगेत, डाव्या बाजूस’ एवढे कळले, की दोष सापडण्यास वेळ लागत नाही. परिषद संपल्यावर यंत्रे मोजून परत करावीत, प्रतिनिधींची नावे व शब्द रद्द करावेत आणि नकाशा, वाहिन्यांचा तक्ता व तक्रारींची वही जपून ठेवावी. पुढच्या वर्षीच्या आयोजकांना यंत्रांपेक्षा या वहीचाच अधिक उपयोग होतो.

राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत व विद्यापीठांत परिषदा नेहमी भरतात. त्यांचे जाळे उभारण्याचे काम विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली केले, तर खर्च वाचेल आणि वर्गात शिकलेले प्रत्यक्ष पाहावयास मिळेल. हीच तत्त्वे मोठ्या सभा, प्रदर्शने आणि आपत्तीच्या वेळची मदतकेंद्रे यांनाही लागू पडतात. हवेतील वाट मर्यादित आहे आणि ती कोणा एकाच्या मालकीची नाही. तिची मोजदाद आधी केली व वाटणी नीट केली, तर थोड्या शक्तीच्या यंत्रांवर हजारो माणसांचे काम निभावते.